एक पेला चहा आणि अकरा वर्षांची मुलगी

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. आमंत्रणं फिरवली होती गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पतीने. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. शहरातली नामांकित मंडळी जमली. महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. व्याख्यान आटोपल्यावर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला, काहींनी त्याला हातही लावला नाही. पुढे हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव' या सनातनी पत्रात छापून आली. ती नावं पुरवली होती खुद्द गोपाळरावांनी.

मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला, एवढाच गुन्हा. पण त्यावरून पुण्यात जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, माजलं ते दोन वर्षं चाललं. बाळासाहेब नातूंसारख्या सनातनी पुढाऱ्यांनी प्रकरण शंकराचार्यांकडे नेलं, चौकशीसाठी शास्त्र्यांचं कमिशन बसलं, जबाब झाले, शास्त्रार्थ झाला आणि प्रायश्चित्तं ठरली. माणसाच्या दोषांचा निवाडा समाज कसा करतो आणि त्यात नेमकं कुठे चुकतं, हे समजून घ्यायला मराठी इतिहासात याहून बोलकं प्रकरण मला दिसत नाही.

आधी बहिष्काराचं रोजचं रूप पाहू. 'वाळीत टाकलं' हे दोन शब्द वाचताना त्यातली यंत्रणा ध्यानात येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे घरी भटजी यायचा थांबतो. भटजी नाही म्हणजे वडिलांचं श्राद्ध नाही, मुलाची मुंज नाही, बारसं नाही, लग्न नाही. दुसरी गोष्ट पंगत. तुमच्या घरी कोणी जेवायला येत नाही आणि तुम्हाला कोणी पानावर बसवत नाही. तिसरी आणि सगळ्यांत जड गोष्ट सोयरीक. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न उरकलंच पाहिजे असं मानणाऱ्या समाजात दोन वर्षं स्थळ मिळालं नाही तर घरात काय होत असेल? शिवाय जो तुमच्याशी व्यवहार ठेवील तोही वाळीत, अशी साखळी असते. म्हणून आधीच लग्न होऊन गेलेल्या बहिणीला सासरचे माहेरी धाडत नाहीत. भावाच्या घरी पाऊल टाकलं तर तिच्या सासरच्या मुंजी अडतात.

म्हणजे चहा प्यायले पुरुष आणि शिक्षा फिरत फिरत पोचली बायकांपर्यंत. माहेर तुटलं त्यांचं, हळदीकुंकवाला कोणी येईना ते त्यांच्याकडे, अडलेल्या लग्नाचा दोष दिवसरात्र ऐकला त्यांनी. बहिष्कृतांमध्येही सगळ्यांचं ओझं सारखं नव्हतं. ज्याचा पगार मोठा, घर स्वतःचं, तो जास्त दक्षिणा देऊन बाहेरून एखादा भटजी आणवू शकतो. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, वडिलांच्या शब्दाखाली असलेल्या कारकुनाला ती सोय नसते. त्याला घरातूनच रोज सांगितलं जातं, की तुझ्यापायी आमचं श्राद्ध अडलं. अपराध सारखा, दंडही कागदावर सारखाच, पण सोसणं माणसागणिक वेगळं. सामूहिक निवाड्यात ही पहिली चूक होते आणि ती अपघाताने होत नाही. घरच्यांना सोसायला लावलं की माणूस वाकतो, हे बहिष्कार घालणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता प्रायश्चित्त. धर्मशास्त्रात त्याची मापं फार काटेकोर आहेत. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय मुख्यतः त्याच विषयाचा. प्राजापत्य कृच्छ्र नावाचं व्रत बारा दिवसांचं. तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, पुढचे तीन दिवस फक्त संध्याकाळी, पुढचे तीन न मागता जे मिळेल तेवढंच, आणि शेवटचे तीन दिवस उपास. शरीराला आणि मनाला खरोखर ताण देणारी ही रचना आहे, त्यात विचार आहे. पण ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी पुढच्या ग्रंथांनी प्रत्याम्नाय, म्हणजे बदली सांगितली. एका कृच्छ्राऐवजी एक गाय दान द्यावी, गाय नसेल तर तिचं मोल द्यावं, किंवा दहा हजार गायत्री जप करावा, किंवा बारा ब्राह्मणांना जेवू घालावं. एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यवहारात उरलं ते बहुतेक हेच: क्षौर, स्नान, पंचगव्य आणि दक्षिणा. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण यांचं पंचगव्य आचमनापुरतं घ्यायचं, रुपये मोजायचे, की माणूस शुद्ध.

बारा दिवसांच्या व्रताचं अर्ध्या दिवसाच्या विधीत आणि काही रुपयांत रूपांतर झालं तेव्हा पश्चात्तापाची जागा पावतीने घेतली. कमिशनपुढच्या किती जणांना चहा प्यायल्याचा खरोखर पश्चात्ताप झाला असेल? आणि कमिशनलाही त्याची गरज नव्हती. त्याला हवी होती शरणागती. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि शास्त्राचे आधार देत आपली बाजू स्वतः लढवली. त्यात बुद्धीची चमक आहे, पण पेचातून अंग काढून घेण्याची घाईही आहे. चहा पिण्यात पाप नाही हे मनातून ठाऊक असलेला माणूस ते भर सभेत म्हणत नाही, तेव्हा तो स्वतःची सुटका करून घेतो आणि बाकीच्यांना मागे ठेवतो. टिळकांबद्दल मला अतीव आदर आहे, तरी मी हे असंच वाचतो.

रानड्यांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. त्यांना बहिष्काराची झळ इतरांइतकी नव्हती. ते सरकारी न्यायाधीश होते, घर भरलेलं होतं, आणि सुधारक म्हणून वीस वर्षं त्यांनी असल्या बहिष्कारांना तोंड दिलं होतं. तरीही १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी नव्हे, तर ज्या मित्रांची घरं या वादात होरपळत होती त्यांच्यासाठी. रानड्यांनी घेतलं तर आपल्यालाही कमीपणा न येता घेता येईल, असं त्या मित्रांना वाटत होतं. रमाबाई रानडे यांना हे मुळीच रुचलं नव्हतं, आणि तसं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. बाहेर सुधारकांमध्ये नाराजी पसरली. आगरकरांच्या 'सुधारका'तून टीका झाली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेल्या आगरकरांना या माघारीत करुणा दिसणं कठीणच होतं.

आगरकरांचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. तुमच्यासारख्याने मान तुकवली तर त्या कमिशनला अधिकार आहे हे तुम्हीच मान्य केलंत. उद्या एखाद्या गावात एकटा तरुण असल्याच सभेपुढे उभा राहील तेव्हा सभा त्याला म्हणेल, अरे, रानड्यांनीसुद्धा घेतलं. हा युक्तिवाद बिनतोड आहे. आणि तरी रानड्यांच्या त्या कृतीला मी नुसता भित्रेपणा म्हणू शकत नाही. त्यांनी गमावलं ते स्वतःचं. नाव गेलं, अनुयायांचा विश्वास डळमळला, घरात पत्नी नाराज झाली. मिळवलं त्यांनी काहीच नाही. ज्यांना मिळालं ते दुसरे होते.

इथे मला १८७३ आठवल्याशिवाय राहत नाही, कारण रानड्यांवरचा खरा आरोप त्या सालचा आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. विधवाविवाहाचे ते जाहीर पुरस्कर्ते होते. १८६९ मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने गाजलेला पुनर्विवाह झाला होता, १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे त्या विषयावर मोठा वाद झाला होता, आणि रानडे या चळवळीचे आधारस्तंभ होते. आता ते स्वतः विधुर झाले. बोललेलं करून दाखवण्याची वेळ आली, आणि डिसेंबरमध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या यमुनेशी लग्न केलं. हीच पुढे रमाबाई रानडे. रानड्यांच्या घरात त्यांची स्वतःची विधवा बहीण दुर्गा राहत होती. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री पंडितांनी स्वतः एका विधवेशी लग्न केलं, म्हणजे ते अशक्य नव्हतं.

दोन्ही प्रसंगांना लोक 'रानड्यांनी कच खाल्ली' असं एकाच दमात म्हणतात. त्यांचे भक्त दोन्हींचं समर्थन करतात आणि विरोधक दोन्हींवरून त्यांना दांभिक ठरवतात. मला ही दोन्ही वाचनं आळशी वाटतात. १८७३ मध्ये रानड्यांनी वडिलांचं मन राखलं, पण त्याची किंमत त्यांनी मोजली नाही. ती मोजली अकरा वर्षांच्या यमुनेने, जिला कोणी विचारलं नव्हतं. ती मोजली त्या कुठल्यातरी तरुण विधवेने, जिचा संसार रानड्यांमुळे उभा राहू शकला असता. १८९२ मध्ये त्यांनी मित्रांचं मन राखलं आणि किंमत बरीचशी आपल्या अंगावर घेतली. बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे तत्त्वापासून ढळणंच आहे. पण दुबळेपणाचं बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं, हे पाहिल्याशिवाय निवाडा करायचा कसा? माझ्या लेखी पहिला अपराध आहे. दुसरी फार तर एक उदार चूक आहे, आणि चूक म्हणताना आगरकर मनात असतात.

याच मापाने भोवतालची माणसं पाहिली की चित्र बदलतं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग मोठे विद्वान, संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या, कायद्याचे समर्थक. त्यांनी घरच्यांच्या दडपणाखाली आपल्या आठ वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिलं. किंमत मुलीची. रा. गो. भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला आणि लोकांचा रोष स्वतः झेलला. धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना जो थारा देईल तोही वाळीत, असा ठराव झाला. साखळी तीच, घरच्यांच्या जिवावर माणूस वाकवायचा हिशोबही तोच. कर्वे वाकले नाहीत. पण त्यांच्या न वाकण्याची किंमत मुरूडातल्या त्यांच्या घरच्यांनीही मोजली, आणि हे सांगितल्याशिवाय कर्व्यांची थोरवी सांगणं मला अपुरं वाटतं. ताठ उभं राहण्याचाही खर्च असतो आणि तो नेहमी एकट्याचा नसतो.

गोपाळराव जोशी यांच्यापाशी मात्र माझी मापं तोकडी पडतात. आपल्या बायकोला शिकवायचं, डॉक्टर करायचं हा ध्यास त्यांचा. त्या काळी टपाल खात्यातला एक साधा कारकून असा हट्ट धरतो हे थक्क करणारं आहे. आनंदीबाई १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी न होता, पुण्यात वारल्या. शिकवताना गोपाळरावांनी या मुलीला मारलं होतं, हे तिनेच अमेरिकेहून त्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. लहान वयात अंगावर भिरकावलेल्या वस्तूंची आठवण तिने काढली आहे, आणि ती काढताना तोल सोडलेला नाही. याच गोपाळरावांनी पुढे मिशनमध्ये पाहुणे बोलावले आणि त्यांची नावं वर्तमानपत्राला दिली. सुधारकांचं ढोंग उघडं पाडायचं हा त्यांचा हेतू होता असं मानलं, तरी त्या यादीत ज्यांची नावं होती त्यांच्या घरातल्या मुलींचा विचार त्यांनी केला नाही. स्वतःच्या घरातल्या मुलीचाही केला नव्हता. ती डॉक्टर झाली हे खरं, तिने मार खाल्ला हेही खरं. यांतलं एक दुसऱ्यातून वजा करता येत नाही.

आता कमिशनने काय विचारलं नाही ते पाहू. १८९० चा ऑक्टोबर ते १८९२ या काळात देशभर आणखी एक वाद पेटला होता. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. १८९० मध्ये खटला चालला. नवरा पस्तिशीच्या आसपासचा. मुलीचं वय दहाच्या वर असल्याने तेव्हाच्या कायद्याने तो बलात्कार ठरत नव्हता. त्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवय १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला. दोन वर्षं, फक्त दोन. आणि त्या दोन वर्षांविरुद्ध पुण्यात सभा भरल्या, लेख लिहिले गेले. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, हा टिळकांचा मुद्दा होता. त्यांनी लोकांनी आपणहून पाळायचे नियमही सुचवले होते: मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, चाळिशी उलटलेल्याने लग्न करू नये आणि केलंच तर विधवेशी करावं. कायद्यापेक्षा हे नियम किती पुढचे होते! पण ते मोडणाऱ्याला वाळीत टाकायला कोणतंही कमिशन बसलं नाही.

नीतीचा निवाडा सर्वांत जास्त चुकतो तो इथे, असं मला वाटतं. पेला मोजता येतो, कोणाच्या हातचा होता ते सांगता येतं, साक्षीदार मिळतात. म्हणून तो अपराध होतो. चाळिशीच्या पुरुषाने दहा वर्षांच्या मुलीशी संसार मांडला तर तो सगळ्या गावाच्या साक्षीने मांडतो, वाजंत्री लावून, आणि गाव त्या पंगतीला जेवतं. सगळेच त्यात असल्याने तक्रार करायला बाहेरचा कोणी उरत नाही. ज्या दोषात न्याय देणारे स्वतः सामील असतात तो दोष त्यांच्या यादीत कधीच येत नाही.

आजही हे असंच चालतं. राजकारणात कोण कोणाच्या व्यासपीठावर दिसला, कोणाबरोबर जेवला, कोणता जुना शब्द बोलून गेला, यावर आठवडाभर रण माजतं, कारण त्याचा फोटो असतो. ज्या टेबलावर जमिनीचा वापर बदलला जातो, ठेकेदाराची मुदत वाढवली जाते, त्याचा फोटो नसतो आणि त्याचे लाभार्थी सगळ्या पक्षांत असतात. मग माफीनामा येतो, तो नव्या काळातला प्रत्याम्नाय. दोन ओळी लिहिल्या की सुटका. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून काय मिळालं, हे विचारायला कोणी थांबत नाही.

खुद्द बहिष्काराची यंत्रणाही मेलेली नाही. जातपंचायती दंड लावतात, कुटुंबाला वाळीत टाकतात, पैसे भरले की जातीत परत घेतात. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी वर्षानुवर्षं आल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी त्यांचा पाठपुरावा केला, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण तक्रार द्यायची असते त्याच घराने, ज्याच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे. १८९० मध्ये माणसाला वाकवणारी कळ हीच होती, म्हणून तक्रारदाराच्या पाठीशी बाहेरून कोणी उभं राहिलं नाही तर ती तक्रार टिकणं अवघड असतं.

या सगळ्यात मला निवाड्याची खरी रीत सापडते ती रमाबाई रानडे यांच्या लेखनात. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आल्या, पती जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. नवऱ्याबद्दल इतकी भक्ती असलेलं पुस्तक मराठीत क्वचितच असेल. पण त्या भक्तीने एकही प्रसंग लपवलेला नाही. लग्नाच्या वेळची रानड्यांची कोंडी त्यात आहे. घरातल्या बायकांनी शिकण्यावरून केलेला छळ आहे, आणि त्या छळात पतीने उघड बाजू न घेता सोसायला सांगणं आहे. त्यांचा अबोला आहे. प्रायश्चित्ताचा प्रसंग आहे, त्यावरची स्वतःची नापसंती आहे. रमाबाई कुठे खटला चालवत नाहीत आणि वकिलीही करत नाहीत. प्रसंग सांगतात, त्यातलं स्वतःचं दुःख सांगतात आणि पुढे जातात. पती शिकवत होते म्हणून आपण घडलो, याची कृतज्ञता पानोपानी आहे. शास्त्र्यांच्या कमिशनला दोन वर्षांत जमलं नाही ते या बाईंना जमलं, कारण त्यांनी माणूस पुरता पाहिला होता आणि त्याच्या दोषांचं ओझं स्वतः वाहिलं होतं.

रमाबाईंचं पुढचं काम सर्वांना माहीत आहे. मुंबईत १९०८ मध्ये आणि पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं. विधवा आणि परित्यक्ता तिथे शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. १९२४ पर्यंत, मरेपर्यंत, रमाबाईंनी हे काम केलं. त्यावरून अनेक लेखक १८७३ चा हिशोब मिटवून टाकतात: रानड्यांनी ते लग्न केलं नसतं तर सेवासदन कुठून आलं असतं? हा युक्तिवाद मला मान्य नाही. अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करताना रानड्यांना सेवासदन दिसत नव्हतं. ती मुलगी कोण होईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रानड्यांनी तिला पाटी-पेन्सिल दिली, वर्षानुवर्षं शिकवलं, इंग्रजी शिकायला लावलं, हे त्यांचं श्रेय आहे आणि ते मोठं आहे. सेवासदन हे रमाबाईंचं श्रेय आहे. त्या दोन्ही श्रेयांतून १८७३ ची फेड होत नाही. त्याच हंगामात महाराष्ट्रात अकरा वर्षांच्या आणखी कितीतरी मुलींची लग्नं झाली असतील, आणि त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना अक्षरही शिकवलं नसेल.